बिशपचा अधिकार आणि समीक्षेची घाई

मध्ययुगीन युरोपीय वाङ्मयाविषयी मराठीत जे थोडेबहुत लिहिले जाते, त्यात ‘धर्मसत्ता’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. बिशप दिसला की ती धर्मसत्ता; नगरवासीयांनी त्याच्यावर हात उगारला की तो धर्मसत्तेचा पराभव आणि इहवादाचा उदय. फूकोचे नाव घेतले की या समीकरणाला सैद्धान्तिक प्रतिष्ठाही लाभते. वस्तुतः सत्ता एकजिनसी नसते, हेच फूकोचे म्हणणे होते. पण तेवढे वाचण्याची उसंत कोणाला आहे?

या समीकरणासाठी हमखास पुढे केले जाणारे उदाहरण उत्तर फ्रान्समधील लाँ या नगराचे. तेथील नागरिकांनी पैसे मोजून ‘कम्यून’ म्हणजे शपथबद्ध नगरसंघ मिळवला होता. बिशप गोद्रीनेही आपला वाटा घेऊन त्याला संमती दिली होती. 1112 मध्ये त्याच गोद्रीने राजा सहाव्या लुईकडून तो रद्द करवला. नागरिकांनी राजाला 400 लिव्र देऊ केले, बिशपने 700. 25 एप्रिलला उठाव झाला. तळघरातील पिंपात लपलेला गोद्री सापडला आणि मारला गेला. ओग्युस्तँ त्येरीने 1827 मध्ये ही हकीकत नागरी स्वातंत्र्याची गाथा म्हणून रंगवली. आजची आपली समीक्षा परिभाषा बदलून तीच गाथा पुन्हा सांगते.

आता मूळ संहिता पाहू. हकीकत सांगणारा गीबेर द नोजाँ हा मठाधिपती. कम्यून हा शब्दच त्याला नवा आणि ओंगळ वाटतो. आपले समीक्षक हे आवर्जून सांगतात आणि तेथेच थांबतात. पण त्याच गीबेरने गोद्रीचे काढलेले वाभाडे? बिशपच्या तोंडी सदैव युद्धाच्या आणि शिकारीच्या गोष्टी, पैशाची हाव, चर्चमध्ये झालेल्या खुनामागे त्याचाच हात! 1107 मध्ये पोपपुढे गोद्रीच्या निवडीची बाजू मांडणाऱ्यांत गीबेर स्वतः होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या निषेधाची धार कळते. बिशपला तो ज्या मापाने मोजतो, ते माप बिशपपदाचेच आहे. सत्ता असूनही अधिकार गमावता येतो, हे त्याला ठाऊक होते. हा भेद मिटवणारी परिभाषा त्याच्या संहितेला उपयोगाची नाही.

त्या पदाला इतिहास आहे. सहाव्या शतकात तूरच्या ग्रेगरीने राजाच्या कर-अधिकाऱ्यांना अडवले ते संत मार्टिनच्या नावाने आणि नगराच्या वतीने. तेथे बिशप हा नगराचा कैवारी होता. बाराव्या शतकातील लाँचा बिशप हा नगराचा जहागीरदारही आहे. त्याला नगराकडून वसुली हवी आहे. 1112 चा उठाव या जहागीरदाराविरुद्ध होता. पिंपापाशी आलेला त्युदेगाल्द हा चर्चचाच भूदास. लांडग्यासारख्या चेहऱ्यामुळे बिशप त्याला ‘इसेंग्रिन’ म्हणून हिणवी. तेच नाव घेऊन त्याने पिंपातील बिशपचा समाचार घेतला. इसेंग्रिन म्हणजे पुढे कोल्ह्याच्या कथाचक्रातून सर्वतोमुखी झालेला लांडगा. त्या नावाच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. वाङ्मयाच्या अभ्यासकाने खरे तर येथे रेंगाळावयास हवे. धन्याने भूदासाला दिलेले हिणकस नाव धन्यावरच उलटते, ते जहागिरीच्या उंबरठ्याआत. या प्रसंगात श्रद्धेचा प्रश्न कोठे आला?

उठावात कॅथीड्रल जळाले. पुढल्याच महिन्यांत तेथील धर्मगुरू मेरीमातेचे पवित्र अवशेष घेऊन निधीसाठी फ्रान्सभर हिंडले, 1113 मध्ये इंग्लंडलाही गेले. लोकांनी दान दिले आणि 1114 मध्ये दुरुस्त झालेल्या कॅथीड्रलचा पुन्हा अभिषेक झाला. बिशपच्या खुनाने धर्माचा अधिकारच कोसळला असता, तर या झोळीत काय पडले असते? 1128 मध्ये राजाने नगराला पुन्हा सनद दिली, तीत ‘कम्यून’ हा शब्द टाळून ‘शांतिव्यवस्था’ असा शब्द योजला. बिशपची गादीही तेथेच राहिली. इहवादाच्या उदयाची तारीख 1112 अशी लिहिणाऱ्यांनी या दोन वर्षांच्या झोळीचा आणि या सनदेचा हिशेब द्यावा.