आधी चित्र, मग चार ओळी

वेळ अमावास्येला लातूर जिल्ह्यात शाळांना स्थानिक सुटी असते. त्या दिवशी जळकोट तालुक्यातली गावंच्या गावं शिवारात जाऊन बसतात. कडब्याची कोप, आंबिलाचं मडकं, भज्जी, उंडे. पण नंतर वर्गात 'माझा आवडता सण' लिहायला सांगितलं की पुष्कळ वह्यांत दिवाळी येते, कारण दिवाळीचा निबंध तयार असतो. चित्रकलेच्या तासालाही तेच: टोकदार त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, काठावर नारळाचं झाड. बालाघाटाचे माथे सपाट आहेत आणि नारळ इथं देवळात फोडायला लागतो, ही गोष्ट वेगळी!

दुखणं एकच आहे. मूल पाहिलेलं मांडत नाही, पाठ झालेलं उतरवतं. मग हे दोन तास वेगळे का ठेवायचे?

'लिहून झालं की चित्र रंगव' असं सांगण्याची आपली रीत आहे. क्रम उलटा हवा. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या चित्राकडे लेखनाची पूर्वतयारी म्हणून पाहिलं होतं. कोप काढायला बसलेल्या मुलाला बरंच काही ठरवावं लागतं. तिचं तोंड कुणीकडे, चुना लावलेले पाच पांडव कुठं मांडले, आजी वाढतेय की जेवतेय? एवढं ठरलं की वाक्यांची सामग्री हाताशी येते आणि 'खूप मजा आली' एवढ्यावर भागत नाही. तांड्यावरून येणाऱ्या, घरी गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला तर हा क्रम फारच सोयीचा. मराठी शब्द सापडेपर्यंत त्याचं म्हणणं कागदावर आलेलं असतं.

पहिलीत मुलानं बोलावं आणि बाईंनी त्याचंच वाक्य, त्याच्याच बोलीत, चित्राखाली लिहावं. तिसरी-चौथीत एकानं आपलं वर्णन वाचावं आणि ज्यानं मूळ चित्र पाहिलेलं नाही त्यानं ते ऐकून चित्र काढावं. कोप झाडाखाली होती हे लिहायचं राहिलं असेल, तर ती उघड्या रानात उभी राहते. चूक लाल शाईशिवाय कळते. चित्र सुबक आहे की नाही, याला मात्र गुण नकोत. ते सुरू झालं की मुलं पुन्हा त्रिकोणी डोंगराकडे वळतील.

शिक्षण हक्क कायद्यात कलेच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीसाठी आहे, तीही शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांत. त्याखालच्या वर्गांत मराठी आणि चित्रकला बहुधा एकाच शिक्षकाकडे असतात. एरवी ही अडचणच, पण इथं ती पथ्यावर पडते. तालुक्यातल्या मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात हे दोन तास लागोपाठ ठेवावेत. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचं कारण नाही.