प्रेस घेण्याआधी पुंगळीत डोकावून बघा

रिलोडिंग प्रेस, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायचं यंत्र, विकणाऱ्या अमेरिकी दुकानांत गिऱ्हाइकाला आधी वेग सांगतात. हे यंत्र तासाला इतकी काडतुसं भरतं, ते शेजारचं त्याच्या कितीतरी पट. तिकडे राहणारे आपले मराठी नेमबाज या आकड्याला पटकन भुलतात. नव्या माणसाने तो आकडा ऐकूच नये, असं माझं ठाम मत आहे. प्रेस समोर ठेवल्यावर विचारायचा प्रश्न वेगळा आहे: काम अर्धवट सोडून मी उठलो आणि दहा मिनिटांनी परत आलो, तर कुठल्या पुंगळीत दारू पडली आहे आणि कुठलीत नाही, हे हे यंत्र मला दाखवेल का?

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधीच एक गोष्ट. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. हा मजकूर अमेरिकेतल्या वाचकांसाठी आहे. तिथला संघीय कायदा स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरी भरायला परवाना मागत नाही, विकायची असतील तर मागतो. राज्याचे आणि शहराचे नियम मात्र ज्याचे त्याने बघावेत, आणि घरात दारू किती व कशी ठेवता येते हेही.

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, दारू पेटवणारा प्रायमर, दारू आणि गोळी. बार झाला की पुंगळी फुगते. प्रेसचं हँडल ओढलं की दट्ट्या तिला डायमध्ये ढकलतो आणि ती मूळ मापावर येते. जुना प्रायमर निघतो, नवा बसतो, मोजून दारू पडते, वर गोळी बसते. रायफलच्या लांब पुंगळ्या मापावर आणायला चांगलाच जोर लागतो, म्हणून बिडाचा, बंद चौकटीचा प्रेस घ्यावा आणि तो जाड फळीच्या टेबलाला बोल्टने आवळावा.

घात होतो तो दारूच्या पायरीवर. .३८ स्पेशल हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं, काळ्या दारूच्या हिशेबाने आखलेलं. आजची धूरविरहित दारू त्या पुंगळीचा जेमतेम तळ झाकते. तीच दारू दोनदा पडली तरी वर भरपूर जागा उरते, गोळी नीट बसते आणि बाहेरून काहीच कळत नाही. असं काडतूस रिव्हॉल्व्हर फोडू शकतं. उलट दारू पडलीच नाही, तर एकटा प्रायमर गोळीला नळीत ढकलतो आणि ती तिथेच अडकते. मागून दुसरा बार काढला तर नळी फुटू शकते. रायफलच्या बहुतेक नेहमीच्या भरण्यांत दारू पुंगळी बऱ्यापैकी भरते, त्यामुळे दुप्पट पडली तर बाहेर सांडते. पिस्तुलाच्या काडतुसांत हे संरक्षण आपोआप मिळत नाही. तिथे दारूच अशी निवडावी की दुसऱ्यांदा पडली तर काठावरून ओसंडेल.

आता प्रेसकडे वळू. आरसीबीएसचा रॉक चकर हा एकपदरी प्रेस. त्यात एका वेळी एकच डाय बसते. पन्नास पुंगळ्या मापावर आणायच्या, लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करायच्या, सगळ्यांत दारू घालायची आणि मग टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकवायचं. एखादीत पातळी वर किंवा खाली असली तर शेजारणींमुळे ती लगेच नजरेत भरते. मध्येच फोन वाजला तरी ठोकळा होता तसाच राहतो. हे काम हळू चालतं, हे खरं.

या कंपनीच्या नावामागची हकिकत मला फार आवडते. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी १९४३ साली फ्रेड हंटिंग्टन यांनी ती सुरू केली. रॉक चक (आरसीबीएसमधली ‘आरसी’ ही अक्षरं त्याचीच) नावाच्या डोंगरी प्राण्याच्या शिकारीसाठी गोळ्या घडवणाऱ्या डाय ते बनवत, आणि त्या गोळ्यांचं आवरण बनायचं .२२ रिमफायरच्या वापरलेल्या पुंगळ्यांपासून. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं ते याच .२२च्या जातीच्या काडतुसांवर. त्यांचं स्फोटक पुंगळीच्या काठात भरलेलं असतं, वेगळा प्रायमर नसतो, त्यामुळे ती घरी पुन्हा भरायची सोय नाही. हंटिंग्टन यांनी त्या टाकाऊ पितळाचं सोनं केलं.

दुसऱ्या टोकाला डिलनचे प्रोग्रेसिव्ह प्रेस. हँडलच्या एकाच ओढीत चार-पाच पुंगळ्यांवर वेगवेगळी कामं एकदम होतात. डिलन ५५० मध्ये खालची तबकडी हाताने फिरवायची असते. लक्ष उडालं, तबकडी फिरवायची राहिली आणि हँडल पुन्हा ओढलं, तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडते. ७५० मध्ये तबकडी आपोआप फिरते आणि दारूची पातळी तपासणारं, चूक झाली तर आवाज देणारं उपकरण बसवायला जागा आहे. प्रोग्रेसिव्हच घ्यायचा तर ते उपकरण पहिल्या दिवसापासून लावावं. आणि यंत्र अडकलं की तबकडीवरची प्रत्येक पुंगळी बाजूला काढून नव्याने सुरुवात करावी, चार काडतुसं वाया गेली तरी चालतील.

ली कंपनीचा चार डायचा क्लासिक टरेट मला मधला चांगला मार्ग वाटतो. त्यात पुंगळी जागची हलत नाही, वरच्या डाय फिरतात आणि एक काडतूस पुरं झाल्यावरच दुसरं हाती घेतलं जातं. गोळी ठेवण्याआधी आत बघायची संधी प्रत्येक वेळी मिळते. आपोआप फिरवणारी कांडी काढून ठेवली की तो एकपदरी प्रेससारखा वापरता येतो. पिस्तूल आणि रायफल दोन्ही चालवणाऱ्या, पण एकच प्रेस परवडणाऱ्या माणसाला मी हाच सुचवेन. फक्त रायफल चालवणाऱ्याने रॉक चकर घ्यावा आणि तो आयुष्यभर ठेवावा.

२०२०-२१ मध्ये अमेरिकेत प्रायमर मिळेनासे झाले. तासाला शेकडो काडतुसं भरणारी यंत्रं तेव्हा नुसती उभी होती. दर आठवड्याला स्पर्धा खेळणाऱ्याला प्रोग्रेसिव्हची खरी गरज असते, पण महिन्यातून एकदा रेंजवर जाणाऱ्याला नसते. त्याने वाचलेल्या पैशांतून चांगला तराजू, तो तपासायला प्रमाणित वजनं आणि लायमन किंवा हॉर्नडीचं ताजं मॅन्युअल घ्यावं. सुरुवात मॅन्युअलमधल्या किमान प्रमाणापासूनच करावी. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा. जुन्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं, तेव्हा ते गोळा करणारं भांडं प्रेसला आहे ना ते बघून घ्या, काम संपल्यावर साबणाने हात धुवा आणि भरणं चालू असताना मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.