विश्लेषण : खंडणीचा फोन ते ‘डिजिटल अरेस्ट’; टोळी बदलली, भरती मात्र तीच!

एखाद्या निवृत्त प्राध्यापकाची किंवा डॉक्टरची आयुष्यभराची पुंजी ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये गेल्याची बातमी आली की चर्चेचा सूर ठरलेला असतो : एवढे शिकलेले, तरी फसले कसे? प्रश्न सोयीचा आहे. तो विचारला की सगळा दोष फोन उचलणाऱ्यावर जातो. फोन करणारा, त्याला सिमकार्ड पुरवणारा, ज्याच्या खात्यात पैसे गेले तो आणि ते खाते मिळवून देणारा एजंट हे सारे नजरेआड राहतात. हा एका माणसाच्या भोळेपणाचा विषय नाही. ही संघटित गुन्हेगारी आहे. तिच्यात कामाची वाटणी आहे, कमिशन आहे आणि मुख्य म्हणजे भरती आहे.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले. २०२४ मध्ये हा आकडा २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिप्पट. लोक एका वर्षात तिप्पट भोळे होत नाहीत. धंदा मात्र तिप्पट होऊ शकतो.

जुनी टोळी कशी चालायची?

मुंबईने हे एकदा पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मिटलाच नाही, गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि गिरणगावातल्या घराघरांत कामाविना बसलेली तरुण पोरे उरली. टोळ्यांना माणसे हवी होती, ती अशा चाळींतून मिळाली. पुढे परदेशातून खंडणीचे फोन येऊ लागले. बिल्डर, हॉटेलमालक, चित्रपट निर्माते यांचे व्यवहार त्या फोनवर ठरू लागले. १९९७ च्या जानेवारीत कामगार नेते दत्ता सामंत आणि ऑगस्टमध्ये कॅसेट उद्योजक गुलशन कुमार यांची भरदिवसा गोळ्या घालून हत्या झाली. दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, महाराष्ट्राने ‘मकोका’ आणला.

गोळीबाराच्या बातम्या व्हायच्या. खरे नुकसान मात्र त्या न झालेल्या तक्रारींचे होते. पैसे देऊन गप्प बसणे हाच शहाणपणा, असे शहरातल्या व्यापाऱ्याने मानायला सुरुवात केली. टोळीला हेच हवे असते.

आता अड्डा कुठे आहे?

थायलंडच्या माए सोत शहरासमोर मोई नदी आहे. नदीपलीकडे म्यानमारचा म्यावड्डी भाग. तिथे ‘केके पार्क’सारखी कुंपणाआडची संकुले उभी राहिली. भारतातला तरुण डेटा एन्ट्री किंवा कस्टमर सपोर्टची नोकरी म्हणून बँकॉकला उतरतो, तिथून गाडीने सीमेवर जातो आणि नदी ओलांडल्यावर पासपोर्ट काढून घेतला जातो. मग समोर लिहून दिलेला मजकूर, रांगेत मांडलेले मोबाइल आणि दिवसाचे टार्गेट. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या अहवालानुसार, म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार, तर कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना असे जबरदस्तीने कामाला जुंपले असावे. मार्च २०२५ मध्ये भारताने हवाई दलाच्या विमानाने एकाच फेरीत २८३ जणांना माए सोतहून परत आणले.

म्हणजे पलीकडून ‘मी पोलीस अधिकारी बोलतोय’ म्हणणारा आवाज हा कधी कधी स्वतःच कैदी असतो. त्याने गुन्हा धुतला जात नाही. पण टोळीचा मालक आणि तो आवाज यांच्यात किती अंतर आहे, ते यावरून कळते.

पैसे जातात कुठे?

साखळीचा सगळ्यात महत्त्वाचा दुवा म्यानमारमध्ये नाही, तो आपल्या गल्लीत आहे. लुटलेली रक्कम उतरवायला भारतीय बँकेतले खाते लागते. तेही टोळीशी संबंध नसलेल्या माणसाचे. यालाच ‘म्यूल खाते’ म्हणतात. टेलिग्रामवर किंवा ओळखीतून निरोप येतो : खाते वापरायला दे, कमिशन घे. पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक आणि खात्याला जोडलेले सिम असा सगळा संच एजंटकडे जातो. या धंद्यात त्याला ‘किट’ म्हणतात. खात्याची मर्यादा मोठी हवी असेल, तर कागदोपत्री एखादे दुकान दाखवून चालू खाते उघडले जाते.

पैसे या खात्यात आले की मिनिटांत फुटतात. एका खात्यातून पाच, पाचातून पंचवीस. काही रक्कम एटीएममधून रोख निघते, काहीची क्रिप्टो होते आणि देशाबाहेर जाते. म्हणूनच १९३० या हेल्पलाइनवर पहिल्या तासाभरात फोन करण्यावर इतका भर दिला जातो. पैसे पहिल्या दोन-तीन खात्यांत असेपर्यंतच ते गोठवण्याची खरी आशा असते.

तपास उलट्या दिशेने चालतो आणि पहिल्यांदा सापडतो तो किट देणारा. विशीतला, बऱ्याचदा बेरोजगार. काही हजारांसाठी खाते दिलेले. ‘मला माहीत नव्हते’ हे त्याचे उत्तर अर्धे खरे असते. फुकट कमिशन कशाचे मिळते, हे विचारायचे त्याने टाळलेले असते. पण त्याला अटक करून प्रकरण संपले असे मानणे, म्हणजे १९९० च्या दशकात शूटर पकडून टोळी संपली असे मानण्यासारखे आहे. रिकामे हात उद्या आणखी मिळतील.

भीती कोणाची?

भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकारच नाही. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हे सांगितले. तरीही लोक दिवसेंदिवस कॅमेऱ्यासमोर बसून राहतात. कारण पोलीस, ईडी, सीबीआय यांच्या नावाची भीती खरी आहे आणि नोटिशीची भाषा, खरी असो वा बनावट, सामान्य माणसाला सारखीच अगम्य वाटते. टोळीने ही भीती निर्माण केलेली नाही, फक्त वापरली.

फसलेले ज्येष्ठ नागरिक मुलांपासूनही हे लपवतात. दुसरीकडे, ग्राहकाने यूपीआयने दिलेले काहीशे रुपये अशाच साखळीतून आलेले निघाले म्हणून एखाद्या भाजीवाल्याचे किंवा छोट्या दुकानदाराचे खाते गोठते आणि तो महिनोन्महिने परराज्यातल्या पोलीस ठाण्याला अर्ज पाठवत बसतो. हाही फसवणुकीचाच बळी, पण तो कुठल्याच आकड्यात नसतो.

कायदा अपुरा आहे का?

तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत सायबर गुन्हेही आले आहेत. अडचण पुढे आहे. ‘मकोका’प्रमाणेच इथेही मागील १० वर्षांत एकापेक्षा अधिक आरोपपत्रांची अट आहे. तक्रारदार पुण्यात, खाते दुसऱ्या राज्यात, सूत्रधार परदेशात आणि प्रत्येक ठाण्यात वेगळा गुन्हा. टोळीचे नावच कागदावर नसेल, तर तिच्या नावावर आरोपपत्रे जमणार कशी? जुन्या टोळ्या स्वतःचे नाव मिरवत. त्या नावावरच त्यांची खंडणी चाले. नव्या टोळीला नाव नकोच आहे.

हे तुकडे जोडण्याच्या दिशेने सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२५ रोजी मोठे पाऊल टाकले. ‘डिजिटल अरेस्ट’ची प्रकरणे सीबीआयकडे सोपवली आणि अशी खाती उघडण्यात बँक अधिकाऱ्यांचा हात आढळल्यास भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली त्यांचीही चौकशी करण्याची मोकळीक दिली. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूल खाती हुडकण्यासाठी ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणाली तयार केली आहेच. पण कालपर्यंत हजार-दोन हजारांचे व्यवहार असलेल्या खात्यात आज दुपारी ४० लाख येतात आणि चहा संपायच्या आत निघूनही जातात, हे ओळखायला फार हुशार यंत्र लागत नाही. चालू खाते उघडताना ते दुकान खरोखर आहे का, हे पाहायला कोण गेले होते आणि त्या फॉर्मवर कोणाची सही आहे, हा प्रश्न आता शाखेच्या काउंटरपलीकडेही विचारता येईल.