मोबाईलवरचा दवाखाना : तुलनेचा प्लॉट कुठे आहे?



नवा वाण आला की तुम्ही आम्हाला काय विचारता? 'साहेब, धुऱ्याच्या अलीकडे नवा, पलीकडे जुना, असं लावून पाहिलं का?' किती पाकिटं विकली गेली, ते तुम्ही नुसतं ऐकून घेता. विश्वास ठेवता तो काट्यावरच्या वजनावर. हाच प्रश्न आता आरोग्याच्या नव्या यंत्रांबद्दल विचारायची वेळ आली आहे.

२४ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्या जिल्ह्यातील सातनवरी येथे 'स्मार्ट इंटेलिजंट' गावाच्या प्रकल्पाचे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सिंचन आणि ड्रोन फवारणीच्या जोडीला दूरवरची आरोग्यसेवाही त्यात आहे. असे प्रकल्प इतर गावांतही नेण्याचे जाहीर झाले. ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला २०२० पासून मिळू लागला. सोय चांगलीच. पण सोय झाली म्हणजे गुण आला, असे होत नाही. गुण किती आला हे मोजणे वेगळे काम आहे. त्यासाठी संशोधक लागतात.

नागपूरचा प्रयोग

असे मोजमाप नागपुरात झालेले आहे. लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. अर्चना पटेल व सहकाऱ्यांनी १,०३६ गरोदर बाया निवडल्या. ५१८ जणींना दर आठवड्याला मोबाईलवरून स्तनपानाचा सल्ला आणि रोज एक संदेश दिला. उरलेल्या ५१८ जणींना नेहमीचीच सेवा मिळाली. बाळंतपणानंतर पहिल्या दिवशी दोन्हीकडे शंभरातील ७४ बाळे निव्वळ आईच्या दुधावर होती. सहा महिन्यांनी मात्र फोन जाणाऱ्या गटात ९७ आणि दुसऱ्या गटात ४९. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले.

यात किती संदेश पाठवले यावर यश ठरवले नाही. ते ठरले आईच्या दुधावरच्या बाळांवरून. आणि दुसरा गट नसता, तर ९७ हा आकडा फोनमुळे की एरवीही तसाच आला असता, हे कोणी सांगू शकले नसते. तरीही एका ठिकाणी पिकलेला वाण सगळ्याच जमिनीत पिकतो असे नाही. जिथे रेंज नाही, किंवा घरात एकच फोन आणि तो घरधन्याच्या खिशात, तिथे नव्याने तपासावे लागेल.

धोरण असे बदलते

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने मोबाईलच्या आधीच हा मार्ग दाखवला. ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि ४७ गावे तुलनेला ठेवली. प्रयोगाच्या गावांत हजारी ६२ नवजात बालमृत्यू होते, ते तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत आकडा ५८ च्या आसपासच राहिला. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि २०११ मध्ये आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी हा देशाचा कार्यक्रम झाला. वजन करून दाखवले, म्हणून सरकारने मानले.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बजावले आहे की, डिजिटल साधने चालत्या आरोग्यव्यवस्थेची जागा घेऊ शकत नाहीत. उपकेंद्रात नर्सबाई नाही, गोळ्या नाहीत, तर पडद्यावरचा डॉक्टर चिठ्ठी देईल, औषध कोण देणार?

ग्रामसभेत हे विचारा

१. यंत्र येण्याआधीची गावाची नोंद कोणी घेतली? तुलनेला कोणते गाव ठेवले?
२. मोजणार काय? नोंदणी आणि कॉल, की आटोक्यात आलेला रक्तदाब आणि सुखरूप बाळंतपण?
३. वर्षाचा खर्च किती, आणि प्रकल्प संपल्यावर तो ग्रामपंचायतीवर येणार का?
४. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचे काय?

एक विनंती तुम्हालाही. असे संशोधक दारात आले की आपण मान ठेवून 'सगळं चांगलं आहे' म्हणून मोकळे होतो. आमच्या प्रात्यक्षिकातही हेच घडते, आणि मग वाणाची खोड पुढच्या हंगामात सगळ्यांना भोवते. जे झालं ते सांगा, नाही झालं तेही सांगा. आपल्या खऱ्या उत्तरावर उद्या दुसऱ्या गावच्या लेकराचा जीव अवलंबून असेल.