पहिले मत कुणाच्या भीतीने?

२०२२ साली उर्दू माध्यमातून दहावी पास झालेली आमची मुले २०२४ साली मतदार झाली. आम्ही त्यांना नागरिकशास्त्र शिकवले होते. जाहीरनामा वाचावा, उमेदवाराचे काम पाहावे, मग मत द्यावे, असे ते पुस्तक सांगते. या मुलांना पहिल्याच निवडणुकीत ऐकायला काय मिळाले? नोव्हेंबर २०२४ मध्ये योगी आदित्यनाथ यांनी वाशीमला ‘बटेंगे तो कटेंगे’ म्हटले. त्यानंतर पंतप्रधानांनी धुळ्यात ‘एक हैं तो सेफ हैं’ची घोषणा दिली. कापणारा कोण, हे सांगायची गरज नव्हती. अठरा वर्षांच्या पोराने ते बरोबर ओळखले.

त्याआधी लोकसभेत धुळ्यातून काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते, एकट्या मालेगाव मध्यने बाजी पालटली. देवेंद्र फडणवीस यांनी त्याला ‘व्होट जिहाद’ म्हटले. आमचा साधा सवाल आहे. भावकी एक होऊन मत देते, जात एक होऊन मत देते, त्याला समीकरण म्हणतात. मोहल्ल्याने रांगेत उभे राहून तेच केले तर ते युद्ध कसे?

कायदा नाही असे नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार उमेदवाराने धर्माच्या नावाने मत मागणे किंवा कुणाला मत देऊ नका म्हणणे हे भ्रष्ट आचरण आहे. पार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक याच कारणाने रद्द झाली, पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १९९५ उजाडले. विष पसरायला एक सभा पुरते आणि न्यायाला आठ वर्षे लागतात, हे प्रचार करणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे.

पण बांधवांनो, दुसरी बाजूही बोलली पाहिजे. आमच्याकडे मते मागायला येणारे ‘सेक्युलर’ पक्ष तरी काय घेऊन येतात? ‘ते आले तर तुमचे काय होईल?’ एवढेच. उर्दू शाळांतील रिक्त जागा कधी भरणार, पोरींच्या पुढच्या तालमीचे काय, यावर अवाक्षर नाही. तिकडे आमची भीती दाखवून मते घेतात, इकडे आम्हाला भीती दाखवून घेतात. हाही नकारात्मक प्रचारच. त्याचा जाब आम्ही कधी विचारणार?

सरकारवर टीका करणे वेगळे. कालव्याचे पाणी का आले नाही, हे कागद दाखवून विचारणे हा मतदाराचा हक्क आहे. आमच्या जतचेच पाहा. पूर्व भागातील सीमेवरच्या गावांनी २०१२ साली ठराव केला, की पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी तो उकरून काढला, तेव्हा कुठे मुंबईला जत आठवले आणि विस्तारित म्हैसाळ योजनेची चक्रे हलली. त्या गावांत लिंगायत, धनगर, मराठा, दलित, मुसलमान सगळे एकाच टँकरपुढे घागरी मांडत आले. तो सवाल कुणाला कापणारा नव्हता. तरी २०२४ च्या विधानसभेला जतमध्ये ‘भूमिपुत्र की उपरा’ यावरच भाषणे रंगली.

नव्या मतदाराला आमचे सांगणे एवढेच आहे. मोबाइलवर कुणाची बदनामी आली तर पुढे पाठवू नका, ती आपल्या विरोधकाची असली तरी. कुणाला पाडायचे, हे मशिदीच्या दारात कुणी सांगू लागला, तर निवडून कुणाला व कशासाठी द्यायचे, हे त्याला तिथेच विचारा. उत्तर देता आले नाही, तर त्याच्या सांगण्यावरून मत देऊ नका. आणि वडीलधाऱ्यांनो, पोरगा असे विचारू लागला तर त्याला गप्प बसवू नका. पाच वर्षांनी हिशेब मागायला तोच उभा राहणार आहे.