क्रेडिट नको, पैसे परत द्या!

आपल्या कॉलेजात ‘क्रेडिट’ हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो. एक मार्कशीटवर अन् दुसरा कॅन्टीनवाल्याच्या वहीत. पहिलं कमवावं लागतं, दुसरं फेडावं लागतं. यंदा आमच्या बॅचला तिसऱ्या प्रकारचं क्रेडिट भेटलं. ते कमवायचंही नाही आणि फेडायचंही नाही, फक्त विसरून जायचं! सहल रद्द करणारा टूरवाला रोख पैशाऐवजी हातात टेकवतो तेच हे क्रेडिट. या लेखात मला त्याच्याविषयीच बोलायचं आहे.

वऱ्हाडातल्या पोराला समुद्राचं किती वेड असतं ते मुंबई-कोकणातल्या पोराला कळायचं नाही. आपण वाढलो ते वान प्रकल्पाच्या नाही तर अप्पर वर्ध्याच्या पाण्याकडे पाहत. फार झालं तर चिखलदऱ्याचा पाऊस. म्हणून हॉस्टेलमध्ये सहलीचा विषय निघाला की पहिलं नाव येतं मालवण-तारकर्लीचं, अन् तिथं गेलं की स्कूबा! सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक हाताला धरून खाली नेतो आणि रंगीत मासे दाखवतो. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. घरी फोटो पाठवायला याहून भारी जागा दुसरी नाही.

पण हा समुद्र आहे, आपल्या कॉलेजचा स्विमिंग टँक नाही. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत तिथं जलक्रीडा बंदच असतात. मोसम सुरू झाला तरी भरवसा नसतो. २०१९ च्या ऑक्टोबरात ऐन दिवाळीच्या तोंडावर ‘क्यार’ वादळाने मालवण-देवबाग भागात समुद्राचं पाणी वस्तीत घातलं. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ त्याच किनाऱ्याला घासून गेलं. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की होड्या बाहेर जात नाहीत. म्हणजे स्कूबाची सहल रद्द होणं ही काही अचानक कोसळलेली कुऱ्हाड नव्हे. ते या धंद्यात नेहमीचंच आहे. आणि जे नेहमीचंच आहे त्याचा हिशोब आधीच ठरलेला असायला पाहिजे की नाही?

आमचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. सेमिस्टरची परीक्षा संपल्यावर जायचं म्हणून आम्ही ४२ जणांनी एका टूरवाल्याकडे माणशी दीड हजार असे ६३,००० रुपये आगाऊ भरले. त्यात राहणं, जेवण, किल्ला आणि स्कूबा. रेल्वेची तिकिटं आमची आम्ही काढली. निघायच्या तीन दिवस आधी फोन आला, “समुद्र खराब आहे, ट्रीप कॅन्सल.” बरं. पैसे? तर म्हणे क्रेडिट देतो, वर्षभरात कधीही या. पावतीच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं होतंच, ‘आगाऊ रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.’

हॉस्टेलमध्ये त्या रात्री दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, “जाऊ दे ना बे, दीड हजाराचं तं काम हाय, कायले डोक्स खराब करतं.” दुसऱ्या पक्षातला फायनल इयरचा एक पोरगा शांतपणे म्हणाला, “पुढच्या वर्षी मी पुण्याले राहीन का गावाले, मलेच मालूम नाई. ते क्रेडिट काय लोणच्यासंगं खाऊ?” सगळे हसले, पण मुद्दा त्याने बरोब्बर पकडला होता. फायनल इयरच्या विद्यार्थ्याला वर्षभराचं क्रेडिट देणं म्हणजे टक्कल पडलेल्याला कंगवा देण्यासारखं आहे. ४२ जण पुन्हा एकाच तारखेला, एकाच गावी जमणार कधी? कुणी नोकरीला, कुणी गेटच्या क्लासला, कुणी घरच्या शेतात. ज्याच्या बापाने कापूस विकून पैसे पाठवले त्याला ‘दीड हजाराचंच तं काम’ असं आपण कोणत्या तोंडाने सांगायचं?

आता कायदा काय म्हणतो ते बघू. मी काही वकील नाही, पण यानिमित्ताने वाचलं बरंच. १८७२ चा भारतीय करार कायदा दीडशे वर्षांहून जुना आहे. त्याच्या कलम ५६ चा अर्थ असा, की ठरलेली गोष्ट नंतर कुणाच्याही दोषाविना अशक्य झाली तर करार निरर्थक होतो. आणि कलम ६५ सांगतं, की करार निरर्थक झाला तर त्याखाली ज्याला जो लाभ मिळाला तो त्याने परत करावा. साधा हिशोब आहे. वादळ हा टूरवाल्याचा गुन्हा नाही, हे कबूल. पण ते आमचंही पाप नाही! मग त्याचा सगळा भार आमच्याच खिशावर का?

दुसरा आहे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो जुलै २०२० पासून लागू झाला. सेवेत कसूर असेल आणि पैसे पावतीत लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत करायला नकार दिला, तर ती या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे. पूर्णपणे एकतर्फी अटींना हा कायदा ‘अन्यायकारक करार’ म्हणतो, मात्र तो मुद्दा घेऊन राज्य आयोगाकडे जावं लागतं. शिवाय ‘आगाऊ रक्कम परत नाही’ ही अट सहसा ग्राहकाने माघार घेतली तर लागू व्हावी म्हणून असते. माघार टूरवाल्याने घ्यायची आणि दंड ग्राहकाने भरायचा, ही उलटी गंगा झाली.

क्रेडिटबद्दल तर सर्वोच्च न्यायालयासमोरच मोठा मामला झाला. कोरोनाच्या टाळेबंदीत विमानं रद्द झाली तेव्हा कंपन्यांनी पैशाऐवजी क्रेडिट द्यायला सुरुवात केली होती. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात न्यायालयाने टाळेबंदीत काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत द्यायला सांगितले. इतर तिकिटांच्या बाबतीत, ज्या कंपन्या खरोखर अडचणीत होत्या त्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिटची सवलत मिळाली, पण फुकट नाही. ते क्रेडिट दुसऱ्याला देता आलं पाहिजे, सुरुवातीला दरमहा ०.५ टक्के आणि १ जुलै २०२० पासून ०.७५ टक्के दराने त्याची किंमत वाढली पाहिजे, आणि मुदतीत वापरलं नाही तर रोख परत दिलं पाहिजे. तो निकाल विमानांपुरता होता, तारकर्लीच्या सहलीला तो आपोआप लागू होत नाही. पण न्याय्य क्रेडिट कसं असतं त्याचा नमुना आपल्याला तिथं मिळतो. दुसऱ्याला देता येणारं, वाढणारं आणि शेवटी पैशात बदलणारं क्रेडिट असेल तर ते घ्यावं. बाकी सगळं क्रेडिट म्हणजे नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

आणखी एक धोका आहे. ज्याच्याकडे क्रेडिट आहे तोच बुडाला तर? ‘गो फर्स्ट’ विमान कंपनीने मे २०२३ मध्ये उड्डाणं थांबवून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि प्रवासी देणेकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले. उलट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये ‘थॉमस कुक’ ही जुनी कंपनी बुडाली तेव्हा परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख लोकांना सरकारी यंत्रणेने घरी आणलं. कारण तिथं १९७३ पासून एक योजना आहे. कंपनी दर प्रवाशामागे अडीच पौंड निधीत भरते, आणि कंपनी बुडाली तर त्यातून लोकांचे पैसे परत मिळतात. शिवाय आयोजकाने पॅकेज सहल रद्द केली तर १४ दिवसांत पैसे परत, असा तिथं नियम आहे. आपल्याकडे सहलीच्या प्रवाशांसाठी असा निधी नाही. हॉस्टेलच्या मेसचं डिपॉझिट जितकं सांभाळलं जातं तितकंही सहलीचं डिपॉझिट सांभाळलं जात नाही!

“मग विमा काढायचा ना!” असं एका सरांनी सुचवलं. सरांचा मुद्दा बरोबर आहे, पण विमा म्हणजे सगळ्या रोगांवर एकच गोळी नव्हे. रेल्वेचं ई-तिकीट काढताना जो विमा मिळतो त्याला माणशी पन्नास पैसेही लागत नाहीत, पण तो रेल्वे प्रवासातल्या अपघाताचा विमा आहे. सहल रद्द झाल्याशी त्याचा संबंध नाही. प्रवास विम्यात ‘सहल रद्द’ असा भाग असला तरी बहुतेक वेळा त्यात आपलं आजारपण, घरातला मृत्यू अशी मोजकी कारणं असतात. आयोजकाने हात वर केले, हे कारण त्यात असेलच असं नाही. वादळाची बातमी आल्यावर विमा काढला तर त्या वादळाचे पैसे मिळत नाहीत, म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बऱ्याच साध्या पॉलिसींतून साहसी खेळ वगळलेले असतात. पॉलिसी हातात घेतली की आधी ‘यात काय समाविष्ट नाही’ ते पान वाचा. स्कूबा तिथं असेल तर बाकीची पानं वाचायची गरज नाही.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर हा लेख एकांगी होईल. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली. दोघांचा जीव गेला. त्यातला एक तरुण आपल्या अकोल्याचा होता. हे आठवलं की दीड हजाराची भाषा आपोआप खाली येते. समुद्र खराब आहे म्हणून जो माणूस बोट काढत नाही, तो आपला शत्रू नाही. जगभरातल्या पाणबुड्यांमध्ये एक रीत मानतात, की बुडी कुणीही, कधीही, कोणत्याही कारणाने रद्द करू शकतो आणि त्याला कुणी जाब विचारायचा नाही. ही रीत आपणही पाळली पाहिजे. “इतक्या दुरून आलो, आता पाण्यात उतरवाच” असा हट्ट धरणारे गिऱ्हाईक बोटवाल्याला संकटात ढकलतात.

काही मित्र इथं विचारतात, “पैसे परत द्या म्हटलं तं तो वादळातही बोट काढंन नं बे!” भीती खरी आहे. म्हणूनच मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. सुरक्षेसाठी सहल रद्द केली तर नुकसानभरपाई मागू नये, दंड मागू नये, नावं ठेवू नयेत. आमची रेल्वेची तिकिटं वाया गेली ते नुकसान आम्ही सोसलं, कारण गाडी रेल्वेने रद्द केली नव्हती आणि समुद्रही टूरवाल्याने खवळवला नव्हता. पण जी सेवा दिलीच नाही तिचे पैसे ठेवून घ्यायचे नाहीत. अन् मोसमात चार-सहा दिवस बुडणारच हे ज्याला ठाऊक आहे त्याने ते आपल्या दरात आधीच धरावं. पूल बांधताना आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी धरतोच ना? की पूल पडल्यावर गावकऱ्यांकडून वर्गणी काढतो?

आमच्या प्रकरणात लेखी पत्र गेल्यावर ४५,००० रुपये परत आले. उरलेले १८,००० ‘रिसॉर्टला दिले’ असं उत्तर आहे. त्या दिल्याचा कागद मागितला, तो अजून आला नाही. तक्रारीची तयारी सुरू आहे. ज्याने पैसे घेतले आणि पावती दिली, उत्तर त्यानेच द्यायचं. “पुढच्याले विचारा” हे उत्तर होत नाही.

ज्यांना पुढेमागे गरज पडेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, वकील लागत नाही, आणि तक्रार मालवणला नव्हे तर आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे अमरावती किंवा अकोल्यातच करता येते. २०२५ पासून ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून घरबसल्याही करता येते. मुदत दोन वर्षांची. अनेकांचं गाऱ्हाणं एकच असेल तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार चालते.

शेवटी आपल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थी परिषदेला विनंती. सहलीच्या परवानगी अर्जात पालकांची सही असते, सरांची सही असते, तशीच टूरवाल्याची पण एक सही घ्या. मजकूर चारच ओळींचा असू द्या. आयोजकाने रद्द केल्यास किती दिवसांत किती पैसे परत. वजावट केली तर तिचा कागद. क्रेडिट विद्यार्थ्याने मागितलं तरच. आणि पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचा स्कूबासह अपघात विमा. जो सही करणार नाही त्याच्याकडे जायचं नाही. वर्षाला आपल्या हॉस्टेलमधून दोन-तीन बसेस तरी सहलीला जातात. इतकं गिऱ्हाईक कोणताही टूरवाला चार ओळींपायी सोडणार नाही. पुढच्या बॅचने अर्जाचा नमुना माझ्याकडून घेऊन जावा. मी जूनपर्यंत हॉस्टेलातच आहे.