जातीच्या रकान्यात वाघ


परतूरच्या आपल्या काही पोरांनी ठरवलंय म्हणे. २०२७ च्या खानेसुमारीत जातीच्या रकान्यात कुणी 'वाघ' लिहिणार, कुणी 'माणूस', कुणी 'तुमच्या बापाची'. धर्म : क्रिकेट. चहा पिता पिता ठरलं, टाळ्या पडल्या. 'तुमच्या बापाची'ला मीबी हसलो, खोटं कशाला बोलू. पण हसून झालं की हिशेब करावा लागतो.

ही अक्कल काही परतूरची नाही. २००१ साली इंग्लंड-वेल्समध्ये ३,९०,१२७ लोकांनी धर्म म्हणून 'जेडाय' लिहिलं. जेडाय म्हणजे सिनेमातले तलवारबाज. दहा हजारांनी लिहिलं की सरकारला तो धर्म मानावाच लागतो, अशी थाप तिकडं फिरली होती. सरकारनं काय केलं? मोजले, आणि 'धर्म नाही' या ढिगात टाकून दिले. गोऱ्यांचं काय बिघडलं? त्यांचा पाणवठा वेगळा नव्हता. मोजलं काय न मोजलं काय, ज्याचं घर, शेत, नाव शाबूत राहतं, त्यानं खुशाल गंमत करावी.

आपल्याला कसं मोजलं ते आठवा. १९११ च्या खानेसुमारीत इंग्रज सरकारनं कसोट्या लावल्या : हे ब्राह्मणाचं श्रेष्ठत्व नाकारतात का, देवळात आत जाऊ शकतात का, यांचा विटाळ होतो का, मढी पुरतात का, गोमांस खातात का. या कसोट्यांचा समाचार बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये घेतलाय. मग १९३२ ला मताधिकाराची लोथियन समिती आली, तेव्हा काही प्रांतांतले सवर्ण सांगू लागले, आमच्याकडं अस्पृश्य जवळजवळ नाहीतच. हजारो वर्षं विटाळ पाळला आणि मतांची वाटणी निघाल्याबरोबर माणसंच गायब! आकडा म्हणजे जागा, हे त्यांना आपल्या आधी कळलं होतं.

आता आपल्या म्हाताऱ्यांकडं बघा. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध होते २,४८७. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर झालं. १९६१ ला आकडा निघाला २७,८९,५०१. हे सांगणं फुकटचं नव्हतं. बौद्ध म्हटलं की दिल्लीच्या लेखी अनुसूचित जातीतून नाव बाद, सवलत बाद. राज्यानं सवलती दिल्या, केंद्रानं १९९० पर्यंत नाही. काहींनी पोराच्या शिष्यवृत्तीपायी 'हिंदू महार' लिहिलं. त्यांना शिव्या घालणारे कार्यकर्ते मला आवडत नाहीत; भाकरीचा हिशेब ज्याचा त्याला कळतो. पण अंगठा उठवणाऱ्या म्हातारीनं दारात उभं राहून 'बौद्ध' म्हटलं, तेव्हा ती काही टाळ्या घ्यायला बोलली नव्हती.

आणि त्या रकान्यानं पुढं काय केलं? १९८१ ला महाराष्ट्रात अनुसूचित जाती ७.१ टक्के. १९९० ला कायदा बदलला, बौद्धांना अनुसूचित जातीत धरलं. १९९१ ला झाले ११.१ टक्के. माणसं तीच, वस्त्या त्याच. २००८ च्या मतदारसंघ फेररचनेत लोकसभेच्या आपल्या राखीव जागा ३ च्या ५ झाल्या, विधानसभेच्या १८ च्या २९. त्या जागांवरून निवडून गेलेले पुढं कुणाची पालखी वाहतात, तो वेगळा लेख. उपयोजनेचा निधीसुद्धा लोकसंख्येच्या टक्क्यावर मागायचा असतो, वाघांच्या टक्क्यावर नाही.

एकजण म्हणाला, मी जात मानत नाही म्हणून 'माणूस' लिहितो. छान! तू मानत नाहीस, पण गाव मानतं ना? १९७८ ला नामांतराच्या वणव्यात मराठवाड्यात आपली घरं पेटवणाऱ्यानं कुणाचा फॉर्म वाचला नव्हता. त्याला प्रत्येकाची जात तोंडपाठ होती. कागदावर 'माणूस' लिहून तू फक्त मोजणाऱ्यापासून लपलास, जाळणाऱ्यापासून नाही.

२०११ ला देशात २८ लाखांवर लोक 'धर्म सांगितला नाही' या ढिगात गेले. त्याच साली सुरू झालेल्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जातीची ४६ लाख नावं गोळा झाली. १९३१ ला ती ४,१४७ होती. एकट्या महाराष्ट्रात ४,२८,६७७! आडनावं, कुळं, चुकीची अक्षरं, सगळं जात म्हणून चढलं. २०२१ ला केंद्र सरकारनं सुप्रीम कोर्टात हात वर केले : आकडे वापरण्यालायक नाहीत. न मोजायला त्यांना निमित्त लागतं, आणि आमचे वाघ ते आयतं नेऊन देणार. ३० एप्रिल २०२५ ला सरकारनं जात मोजायचं कबूल केलंय ते उपकार म्हणून नाही, मागून मागून घशाला कोरड पडली तेव्हा.

खोटं उत्तर दिलं तर १९४८ च्या जनगणना कायद्यात हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्या दंडाची भीती मी घालत नाही. मला भीती आहे न विचारता लिहिणाऱ्याची. ओसरीवर बसायचं, 'जयभीमवाले ना?' म्हणायचं आणि 'हिंदू' लिहून पुढच्या दारात जायचं, अशी माणसं असतात. विद्रोहाची एवढी खाज असेल तर तिथं दाखव. धर्म बौद्ध सांग, जात अनुसूचित यादीतली सांग. १९९० पासून दोन्ही एकत्र चालतं. लिहिलेलं वाचून दाखवायला लाव. मोबाइलवर स्वतः भरायची सोय आहे, तर ज्या घरात वाचणारं कुणी नाही, त्या घरच्यांना विचारून त्यांचं भर. आमच्या वस्तीतल्या अशा घरांची यादी मी काढायला घेतलीय. पाळी सुटली की संध्याकाळी दोन-दोन घरं होतात. हाताला माणसं कमी आहेत.